मुलांचा स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा: बडोद्यातले पालक आणि मुलं वारंवार विचारतात ते प्रश्न

खालचे प्रश्न पालकांकडून आणि मुलांकडून पुन्हा पुन्हा येतात. आधी प्राथमिक, पुढे अडचणीचे. एका गोष्टीचं उत्तर एकदाच दिलं आहे. तिचा संबंध दुसरीकडे येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक टाकला आहे.

१. स्ट्रिंग ऑर्केस्ट्रात कोणकोणती वाद्यं असतात? किती मुलं लागतात?

बोने (गजाने) वाजणारी चार वाद्यं आणि त्यांचे पाच विभाग: पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, चेलो आणि डबल बास. बासरी, ट्रम्पेट, ड्रम यांतलं काही नसतं. मुलांच्या ऑर्केस्ट्राला वीस-बावीस जण पुरतात: सहा पहिली, सहा दुसरी, चार व्हिओला, चार चेलो, एक किंवा दोन बास. बास बहुतेक वेळा चेलोचीच ओळ एक सप्तक खाली वाजवतो.

आपल्याकडे अडचण संख्येची नसते, प्रमाणाची असते. व्हायोलिन शिकणारी पंधरा मुलं सहज मिळतात, चेलो वाजवणारं एखादंच. मग वरचे स्वर दाट आणि खालचा आधार विरळ होतो, व्हायोलिनांना सूर धरायला जागा राहत नाही आणि ती हळूहळू चढी होत जातात. चेलो जमेपर्यंत कीबोर्डवर फक्त बासची ओळ वाजवून घ्यावी. कीबोर्डने वरची सुरावट वाजवायला घेतली, की मुलं एकमेकांना ऐकायचं सोडून कीबोर्डच्या मागे जातात. ते होऊ देऊ नये.

२. कोणत्या वयात प्रवेश मिळतो? परीक्षा दिलेली असावी लागते का?

वयापेक्षा तयारी पाहिली जाते. सहाव्या-सातव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलेलं मूल नियमित शिकलं तर साधारण दोन-अडीच वर्षांनी बसू शकतं. पहिल्या पोझिशनमध्ये सी, जी, डी आणि ए मेजर स्केल सुरात यावीत. स्टाफ नोटेशनवरची (पाच रेषांच्या पाश्चात्य स्वरलिपीतली) सोपी ओळ थांबत थांबत का होईना, स्वतः वाचता यावी. चार मात्रांची विश्रांती मनात मोजून बरोबर जागी पुन्हा सुरू करता यावं. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडची ही पातळी आहे, पण प्रमाणपत्र मागितलं जात नाही. पाचवी ग्रेड झालेली मुलंही विश्रांती मोजताना अडखळतात, कारण एकट्याने वाजवताना ती मोजायची वेळच आलेली नसते.

३. व्हायोलिन कोणत्या मापाचं घ्यायचं? मोठं घेतलं तर दोन वर्षं जास्त चालेल ना?

मोठं घेऊ नका. मुलाचा डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ आडवा करा आणि मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजा. ५८ सेंटीमीटर किंवा जास्त भरलं तर पूर्ण माप, ५६च्या आसपास ३/४, ५१ ते ५४ असेल तर १/२, ४६ ते ४९ असेल तर १/४ आणि ४३-४४ असेल तर १/८. दोन मापांच्या मध्ये येत असेल तर लहान घ्या. मोठ्या व्हायोलिनवर चौथं बोट ताणावं लागतं, ते सतत उतरं पडतं, आणि मनगट आत मोडायची सवय लागते. ती सवय पुढे सोडवणं नव्या व्हायोलिनपेक्षा महाग पडतं. ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या मुलांची लहान झालेली व्हायोलिनं खालच्या मुलांकडे जात राहतात, तेव्हा आधी तिथे विचारा.

४. ऑनलाइन स्वस्तात मिळतं ते व्हायोलिन चालेल का?

चालू शकतं, पण खोक्यातून काढल्या काढल्या ते वाजण्यासारखं क्वचितच असतं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची व्हायोलिनं असोत की चिनी, तपासायच्या जागा त्याच.

ब्रिज, म्हणजे तारा पेलणारा लाकडी तुकडा, पोटावर (वाद्याच्या वरच्या फळीवर) नीट बसलेला हवा. त्याच्या दोन्ही पायांखाली कागदही सरकता कामा नये. टेलपीसकडची, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीकडची, त्याची बाजू पोटाशी काटकोनात असते. पुढे झुकलेला ब्रिज एक दिवस आडवा पडतो आणि त्याचा घाव पोटावर बसतो. फिंगरबोर्डच्या टोकाशी तारांची उंची मोजा: पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर ई तारेखाली साडेतीन आणि जी तारेखाली साडेपाच मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर मुलाची बोटं दुखणार आणि स्वर चढणार. एफच्या छिद्रातून आत पाहा: साउंडपोस्ट, म्हणजे आतली उभी काडी, पहिल्या तारेकडच्या ब्रिजच्या पायामागे किंचित अंतरावर उभी दिसली पाहिजे. खुंट्या फिरवल्यावर जिथल्या तिथे थांबायला हव्यात. हे सगळं जाणत्या कारागिराकडून एकदा लावून घेतलं आणि मूळच्या तारा बदलल्या, तर साधं व्हायोलिनही ऑर्केस्ट्रात दोन-तीन वर्षं उत्तम साथ देतं.

५. बो किती घट्ट करायचा आणि रोझिन किती लावायचं?

बोच्या मध्यावर काडी आणि केस यांच्यात पेन्सिल जेमतेम जाईल इतकं अंतर ठेवा. काडीचा आतला बाक दिसत राहिला पाहिजे. ती सरळ झाली म्हणजे जास्त ताणली. वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करायचा, रोज, न विसरता. रोझिनचे (बोच्या केसांना लावायच्या राळेचे) तीन-चार हात पुरे. तारांवर आणि पोटावर पांढरी पूड साचत असेल तर जास्त होतंय; ती कोरड्या सुती फडक्याने पुसा. केसांना बोट लावू नका, तेलकट झालेला भाग तार पकडत नाही.

६. आमची मुलगी गुरुजींकडे भारतीय पद्धतीने व्हायोलिन शिकते. तिला ऑर्केस्ट्रात येता येईल का?

येईल, आणि तिने आपलं शिक्षण सोडू नये. गजाननबुवा जोशी, डी. के. दातार यांच्यासारख्यांनी ज्या वाद्यावर रागसंगीत उभं केलं, त्याची तालीम घेतलेल्या मुलाचा कान तयार असतो. किंचित उतरलेला गंधार तिला लगेच खटकतो, आणि हे ऑर्केस्ट्राला हवंच असतं. बदलावं लागतं ते इतर गोष्टींत.

पहिला फरक बैठकीचा. भारतीय पद्धतीत मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकतं, म्हणून डावा हात वर-खाली मोकळा सरकतो. ऑर्केस्ट्रात खुर्चीवर बसून वाद्य हनुवटी आणि खांद्यावर पेलायचं असतं. पहिले दोन महिने शोल्डर रेस्टची उंची जुळवण्यात आणि मान मोकळी ठेवायला शिकण्यात जातात. दुसरा फरक तारा लावण्याचा. भारतीय पद्धतीत सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा असं लावतात, इथे जी-डी-ए-ई असं पंचमाच्या अंतराने. त्याच तारा रोज उतरवून पुन्हा चढवल्या तर त्या बेसूर होतात आणि लवकर तुटतात. जमत असेल तर दोन व्हायोलिनं ठेवा. दुसरं साधं असलं तरी चालेल. तिसरा फरक मींडेचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं तिच्या हातात मुरलेलं असतं. सहा जणांच्या विभागात एकीने मींड घेतली की ओळ पुसट होते, म्हणून बोट थेट स्वरावर ठेवायची वेगळी सवय करावी लागते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. आपला सा हलता असतो, स्टाफ नोटेशनमधला ए कुठल्याही स्केलमध्ये ए-च राहतो. सरगम मनात म्हणत वाचायला गेलं तर स्केल बदलताच गोंधळ होतो. तारेचं नाव, बोटाचा क्रमांक आणि रेषेवरची जागा या तिन्ही गोष्टी एकत्र पाठ करणं हाच मार्ग. रोज दहा मिनिटं वाद्याशिवाय, फक्त वाचन. तीन-चार महिन्यांत फरक दिसतो.

७. बडोद्यात अशा संगीताची काही परंपरा आहे का?

महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्षांनी शिकवण्यासाठी आपल्या संगीताची स्वरलिपी तयार केली होती. कागदावरून गाणं-वाजवणं शिकवायचा विचार या शहराला नवा नाही. तीच शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत आली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही १९१६ साली इथेच भरली. संस्थानात पाश्चात्य पद्धतीचा बँडही होता.

८. तालीम किती वेळ असते? घरी किती करायची? सोबत काय आणायचं?

आठवड्यातून एक तालीम, अडीच तासांची. पहिली पंधरा मिनिटं तारा लावणं आणि सर्वांनी मिळून एक स्केल. पुढे पाऊण तास विभागवार, म्हणजे चेलो एका खोलीत, व्हायोलिनं दुसऱ्या. मग दहा मिनिटं पाणी-खाणं आणि उरलेला वेळ सगळे एकत्र. तालमीत मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळंच चालतं. विभाग सांभाळणाऱ्या मोठ्या मुलांना लहान मुलं ताई-दादाच म्हणतात.

घरी रोज तीस-चाळीस मिनिटं, त्यातली अर्धी ऑर्केस्ट्राच्या ओळीसाठी. सबंध ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून काही साधत नाही. तालमीत जिथे अडलं ते चार बार (तालाचे खंड) पेन्सिलने कंसात घ्या, मेट्रोनोम निम्म्या गतीला लावा आणि लागोपाठ पाच वेळा बरोबर आल्यावरच गती वाढवा.

आणायच्या वस्तू: टूबी पेन्सिल आणि खोडरबर, घडीचा म्युझिक स्टँड, म्यूट (ब्रिजवर बसवायचा, आवाज मऊ करणारा तुकडा), सुती फडकं, आणि ए व ई या जादा तारा. नोटेशनवर पेनने खूण करायची नाही. बोची दिशा तालमीत बदलते आणि तेच कागद पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाकडे जातात.

९. नवरात्रात आणि उत्तरायणात तालीम असते का?

नवरात्राच्या नऊ रात्री नसते. गरब्याहून मध्यरात्रीनंतर आलेल्या मुलाकडून दुसऱ्या दिवशी सुराची अपेक्षा धरणं योग्य नाही. मात्र घरी पंधरा मिनिटं तरी हात चालू ठेवावा.

उत्तरायणाचा प्रश्न वेगळा. १४ आणि १५ जानेवारीला मांजाने बोटं कापतात, आणि मांजा कापतो तिथेच, म्हणजे पहिल्या बोटाच्या पेरावर, व्हायोलिनची तार दाबली जाते. जखम भरायला आठवडा-दीड आठवडा लागतो. जानेवारीच्या उत्तरार्धात कार्यक्रम असेल तर डाव्या हाताच्या बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळा किंवा मुलाच्या हाती फिरकी द्या. एकल वादन असलेल्या मुलाने त्या वर्षी दोर हातात धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१०. सरांनी मुलाला व्हायोलिनऐवजी व्हिओला घ्यायला सांगितलं. त्याचं वाजवणं कच्चं आहे म्हणून का?

नाही. बहुधा उलट असतं. व्हिओलासाठी लांब बोटं, शांत बो आणि मधला सूर ऐकणारा कान लागतो, म्हणून असं मूल हेरून विचारलं जातं.

व्हिओलाच्या तारा सी-जी-डी-ए. वरच्या तीन व्हायोलिनच्याच, खाली सी वाढते आणि ई जाते. बोटांचा हिशेब तोच, अंतरं थोडी मोठी. नवं शिकायचं ते आल्टो क्लेफ, म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे सांगणारी वेगळी खूण: मधल्या रेषेवर मिडल सी. व्हायोलिनच्या सवयीने वाचलं तर प्रत्येक स्वर चुकतो, म्हणून पहिला महिनाभर मुलं वैतागतात. पुढे दोन्ही क्लेफ सहज वाचू लागतात. सुरुवातीला वेगळं वाद्य घ्यायची गरज नाही. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची लाकडी पेटी, म्हणजे मान सोडून उरलेलं अंग, १४ इंचांची असते. तिच्यावर १४ इंची व्हिओलाच्या तारा चढवल्या की शिकण्यापुरतं काम भागतं. सी तार मात्र मऊ वाजते. वर्षभराने मुलाच्या हाताला बसेल असा १५ किंवा साडेपंधरा इंची व्हिओला पाहावा.

११. माझी मुलगी दुसऱ्या व्हायोलिनांत बसते. तिला पहिल्यांत कधी घेणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

दुसरी व्हायोलिनं म्हणजे खालचा वर्ग नव्हे. पहिल्यांकडे सुरावट असते. ती कानात बसलेली असते, चुकलं तरी पुढचा स्वर सुचतो. दुसऱ्यांकडे तिच्या खालचा तिसरा स्वर, ऑफबीटवरचे (मात्रांच्या मधले) तुकडे, सोळा बार चालणारी अर्ध्या-अर्ध्या मात्रेची एकच लय, मध्येच दोन बारांपुरती आलेली सुरावट आणि पुन्हा माघार. हे गुणगुणता येत नाही, मोजावंच लागतं. बो डी आणि जी तारेवर जास्त चालतो, त्यामुळे उजवा हात पक्का होतो. आणि कॉर्ड मेजर की मायनर हे ठरवणारा स्वर पुष्कळदा त्यांच्याच हातात असतो. तो उतरला तर वरची सुरावट कितीही सुरेल असो, सगळं बेसूर ऐकू येतं.

म्हणून जाणता कंडक्टर चांगली वाजवणारी मुलं दोन्हीकडे वाटतो आणि दुसऱ्यांच्या पहिल्या स्टँडवर एखादं पहिल्यांच्या तोडीचं मूल मुद्दाम बसवतो. दर कार्यक्रमाला जागा बदलाव्यात. एका हंगामात प्रत्येक मुलाने दोन्ही बाजू वाजवलेल्या असाव्यात. तुमची मुलगी दोन वर्षं एकाच जागी असेल तर जरूर विचारा. पण विचारताना तिच्यासमोर "अजून दुसऱ्यांतच" असं म्हणू नका. मुलं ते मनात ठेवतात आणि त्या दिवसापासून हळू वाजवू लागतात.

१२. एका स्टँडवर दोघं बसतात. कोणी काय करायचं?

श्रोत्यांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो, आतला पान उलटतो. पान उलटण्याआधीचे दोन-तीन स्वर आतल्याने सोडले तरी हरकत नाही. ओळ दोन भागांत फुटते तिथे बाहेरचा वरचा स्वर घेतो, आतला खालचा. पेन्सिलीच्या खुणा आतला करतो. बोची दिशा पुढच्या स्टँडवर ठरते आणि मागे तोंडी कळवली जाते. बदल शेवटच्या स्टँडपर्यंत पोचला की नाही, हे पाहायचं काम सेक्शन लीडरचं.

१३. नोटेशन समोर असताना कंडक्टर कशाला लागतो?

हात हलवणं हा त्याच्या कामाचा शेवटचा भाग. तालमीच्या आधी तो सगळ्या विभागांचा एकत्र स्कोअर वाचतो, बोच्या दिशा ठरवतो, कोणती ओळ कुठे वर यायला हवी ते लिहून ठेवतो आणि मुलं नेमकी कुठे अडकतील ते ताडतो.

मुलांनी ओळखायच्या खुणा थोड्याच. चारच्या तालात हात खाली, आत, बाहेर, वर. तीनच्या तालात खाली, बाहेर, वर. सुरू करण्याआधीची वर जाणारी खूण सर्वांत महत्त्वाची. तिच्या वेगात गती असते आणि तिच्या आकारात आवाज. ती पाहून श्वास घेतला तर सगळे एकत्र उचलतात. डोळे कागदावर असले की ती हुकते, म्हणून प्रत्येक रचनेचे पहिले दोन बार पाठ असावेत. डावा हात आवाज चढवायला, उतरवायला आणि एखाद्या विभागाला आत घ्यायला.

मागच्या स्टँडवरची मुलं मागे पडतात, याचं कारण आळस नव्हे. आवाजाला दहा मीटर यायला सुमारे तीन शतांश सेकंद लागतात. पुढच्यांचं ऐकून वाजवणारं मूल तितकं उशिराच वाजवणार, आणि त्याचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी उशीर होणार. त्यांनी ताल कंडक्टरच्या काठीकडे पाहून धरायचा आणि सूर कानाने. पुढच्या-मागच्या मुलांची अदलाबदल केल्याशिवाय हे त्यांना पटत नाही.

१४. तारा कोण लावून देतं? ट्यूनर ॲप चालेल का?

आठ-दहा वर्षांच्या मुलांना पहिली काही वर्षं ताई-दादा लावून देतात. नंतर प्रत्येकाने स्वतः. ॲपवर ए बरोबर ४४० हर्ट्झला लावा आणि मग फोन बाजूला ठेवा. डी, जी आणि ई शेजारच्या तारेबरोबर एकत्र वाजवून पंचमाने जुळवा. तंबोऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना हे लगेच जमतं. ऑर्केस्ट्रात आधी बास आणि चेलो, मग व्हिओला, शेवटी व्हायोलिनं, आणि आपली पाळी येईपर्यंत शांतता. फाइन ट्यूनर (टेलपीसवरचा बारीक स्क्रू) शेवटपर्यंत आवळला गेला असेल तर तो पूर्ण सैल करून खुंटीने लावा, नाहीतर त्याचा खालचा दांडा पोटाला टेकतो. हॉलमधला पियानो ४४०वर नसेल आणि तो सोबत वाजणार असेल, तर सगळ्यांनी पियानोप्रमाणे लावायचं.

१५. एकल वादक कसे निवडतात?

ऑडिशन घेऊन. मुलाने कॉन्चेर्तोची, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेची, एक पूर्ण मूव्हमेंट (एक भाग) पाठ वाजवायची असते. पहिल्यांदा उभं राहणाऱ्या मुलांसाठी विवाल्दीचा ए मायनर कॉन्चेर्तो (ओपस ३, क्रमांक ६) चांगला. त्यात ऑर्केस्ट्राची साथ मोकळी आहे आणि एकल ओळ हाताबाहेरची नाही. त्यानंतर बाखचा ए मायनर. एका मुलावर भार नको असेल तर बाखचा दोन व्हायोलिनांचा डी मायनर कॉन्चेर्तो; त्यात दोन्ही वादक खरोखर समान आहेत आणि दोन वेगळ्या स्वभावांची मुलं एकमेकांना सावरतात.

वय, ग्रेड किंवा कोणाकडे शिकतो हे पाहू नये. सेक्शनमधली हजेरी मात्र पाहावी. एकल वादन हवं पण तालीम नको, अशा मुलाला नाही म्हणावं लागतं, तो कितीही तयार असला तरी.

निवड झाल्यावरचा क्रम: आधी पियानोच्या साथीवर दोन-तीनदा. मग कंडक्टरबरोबर एकट्याने, गती आणि थांबे ठरवायला. त्यानंतर ऑर्केस्ट्राबरोबर निदान तीन तालमी, त्यांतली शेवटची कार्यक्रमाच्या हॉलमध्ये. नागरगृहासारख्या मोठ्या सभागृहात आवाज परत येत नाही, म्हणून घाबरून मुलं बो दाबतात आणि स्वर चिरका होतो. हे त्याच हॉलमध्ये एकदा वाजवूनच जातं.

१६. घरी सगळं सुरेख वाजवते, ऑर्केस्ट्राबरोबर उभी राहिली की चुकते. का?

बहुतेक चार कारणं असतात. रेकॉर्डिंगबरोबर सराव केल्याने तिची गती त्या वादकाची झालेली असते, आणि रेकॉर्डिंग तिच्यासाठी कधी थांबलेलं नसतं. ऑर्केस्ट्राचे बार मोजायची सवय नसते. आपली पाळी कधी येते हे ती सुरावटीच्या ओळखीवर ठरवते आणि समोर चेलोची ओळ जोरात आली की दचकते. स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून ती घाई करते. आणि कंडक्टरकडे पाठ करून उभी असते.

उपाय: तिला स्कोअर द्या आणि एकल ओळीबरोबर बासची ओळही गाता येईल असं करा. ती कंडक्टरच्या डावीकडे, किंचित वळून उभी राहावी, म्हणजे काठी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसते आणि कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख) जवळ असतो. साथ जड होत असेल तर एकल भागात प्रत्येक विभागाचे फक्त पुढचे स्टँड वाजवतात. हे कंडक्टरला सुचवायला संकोच नको. पाठ विसरलं तर मागे जायचं नाही, पुढच्या ठरलेल्या खुणेवर उडी घ्यायची. अशा तीन-चार जागा आधीच ठरवून तालमीत मुद्दाम थांबून पाहावं. कादेंझा, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबलेला असताना एकट्याने वाजवायचा तुकडा, असेल तर तिच्या शेवटच्या ट्रिलची (दोन शेजारच्या स्वरांच्या झपाट्याच्या आलटापालटीची) लांबी ठरलेली हवी, कारण ऑर्केस्ट्रा त्या ट्रिलवरूनच आत येतो.

१७. एकल वादन झाल्यावर पुन्हा सेक्शनमध्ये बसायचं का?

हो, त्याच कार्यक्रमाच्या पुढच्या रचनेपासून.

१८. बडोद्याच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाद्य कसं सांभाळायचं?

वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी आणि पारा चाळिशीच्या वर, तर जुलै-ऑगस्टमध्ये दमट. दोन्हीकडे वाद्य बिघडतं, पण वेगवेगळ्या रीतीने.

कोरड्या दिवसांत लाकूड आकसतं, खुंट्या सुटून तारा एकदम सैल पडतात. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा. तरी सुटत असेल तर खुंटीला खडू लावा. पावसाळ्यात त्याच खुंट्या जाम होतात, तेव्हा कोरडा साबण. तेल कधीही नाही. बंद गाडीत व्हायोलिन ठेवून बाजारात जाऊ नका. पेटी सरसाने जोडलेली असते. उन्हात सरस मऊ होतो आणि कडेचा सांधा उघडतो. मग एखाद्या स्वरावर करकर येते. कडेने बोटाच्या पेराने टकटक करत गेलं की उघडलेल्या जागी पोकळ आवाज येतो. कारागिराकडून सरसानेच जोडून घ्या. फेविकॉल लावलं तर पुढच्या दुरुस्तीत लाकूड फाटतं. सांधा अशक्त ठेवण्यामागे हेतू आहे: ताण आला की सांधा उघडावा, पोट फुटू नये.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. एसीच्या झोतासमोर वाद्य उघडं ठेवू नका.

साउंडपोस्ट पडली, म्हणजे आत काही खुळखुळतंय असं वाटलं, तर चारही तारा लगेच सैल करा आणि वाजवू नका. काडीच्या आधाराशिवाय तारांचा दाब पोटावर येतो.

१९. कार्यक्रमात तार तुटली तर?

सेक्शनमधल्या मुलाने शांतपणे बाहेर जाऊन बदलून यायचं. एकल वादकाची तुटली तर तो कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतो, तुटलेलं वाद्य स्टँडमागून स्टँड करत मागे जातं आणि शेवटचं मूल ते बाहेर नेतं. हे तालमीत एकदा करून पाहावं. सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. नाहीतर ब्रिज आणि साउंडपोस्ट दोन्ही पडतात.

२०. मुलगा डावरा आहे. उलटं व्हायोलिन घ्यावं का?

नको. दोन्ही हातांना अवघड काम असतंच, आणि डाव्या हाताची चपळाई त्याच्या कामी येते. शिवाय एका स्टँडवर उलट्या दिशेचा बो शेजाऱ्याच्या कोपराला लागतो.

२१. मान, मनगट दुखतं. सहन करायचं का?

बोटांच्या टोकांना घट्टे पडणं ठीक. मान, खांदा किंवा मनगट दुखणं, बोटांना मुंग्या येणं ठीक नाही. त्याच क्षणी वाद्य खाली ठेवायचं. आधी माप तपासा (प्र. ३), मग शोल्डर रेस्ट. तो उंच असेल तर मान मागे ढकलली जाते, बुटका असेल तर हनुवटीने वाद्य आवळलं जातं. पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं हात मोकळे. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि जाताना वाद्य सोबत न्या, धरण्याची पद्धत पाहिल्याशिवाय कारण कळत नाही.

२२. दहावी-बारावीच्या वर्षी सोडावं का?

हंगामाचा मोठा कार्यक्रम दिवाळीनंतर ते डिसेंबरपर्यंत ठेवला की फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाला अडथळा येत नाही. जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत सुट्टी, जागा राखलेली. मात्र आधी सांगा. चार चेलोंपैकी दोन अचानक गेले तर रचनाच बदलावी लागते.

२३. बाहेरगावी कार्यक्रमाला जाताना वाद्य कसं न्यायचं?

रेल्वेत व्हायोलिन वरच्या बर्थवर डोक्याशी, बाकाखाली नाही. चेलोसाठीही एक वरचा बर्थ ठरवून घ्या आणि केस बांधून ठेवा. विमानात व्हायोलिन हातात घेऊन जाता येतं की नाही, हे तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा. चेलो सामानात टाकू नका, त्याच्यासाठी वेगळी सीट लागते. तारा अर्ध्या-एका स्वराने उतरवा, पूर्ण सैल करू नका, कारण प्र. १९मध्ये आहे.

२४. नोटेशनच्या झेरॉक्स वाटल्या तर चालतं का? आणि एखादं चित्रपटगीत ऑर्केस्ट्रासाठी बसवलं तर?

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्या मुदतीची गणना पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. विवाल्दी, बाख, मोत्सार्ट मोकळे आहेत. होल्स्ट आणि एल्गार १९३४ साली वारले, तेही मोकळे. बेंजामिन ब्रिटन हा रचनाकार १९७६ साली वारला, त्याची मुलांसाठी उत्तम असलेली 'सिंपल सिंफनी' २०३६च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. तिचे पार्ट रीतसर घ्यावे लागतात. आणखी एक मेख: रचना मोकळी असली तरी आजच्या संपादकाने केलेलं रूपांतर त्याचं असतं. बाखच्या नावाखाली छापलेलं, पण मुलांसाठी सोपं केलेलं पुस्तक झेरॉक्स करता येत नाही. जुन्या आवृत्तीवरून स्वतः पार्ट लिहून काढलेत तर अडचण नाही.

चित्रपटगीताचं ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर करायला हक्कधारकाची परवानगी लागते. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे; पण ती सादरीकरणाला आहे, नव्याने रूपांतर लिहायला नाही, आणि कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायलाही नाही. तेव्हा परवानगीचं पत्र पार्ट लिहायला बसण्याआधी पाठवा.